टायरचं वय विचारणारे अण्णा

अण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, चाकांकडे बघत. शाहूपुरीतल्या त्यांच्या टायरच्या दुकानासमोरून जीप गेली, की मान तिरकी करून टायरं न्याहाळत आणि मोठ्यानं बोलून टाकत, "ही घाट उतरायची न्हाय." बऱ्याचदा ते खरं ठरे. म्हणून सकाळची पहिली फेरी मारणारे वडापवाले, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारे जीपवाले, मागच्या गल्लीतून जीप काढायचे. अण्णांची नजर पडली की दिवस वाईट, असं थांब्यावर ठरूनच गेलं होतं.

मी वडापवर क्लीनर म्हणून लागलो आणि नव्वदनंतर स्वतःची जीप केली. मला कुणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कुणाला सांगेल तो भाव दिला नाही. अण्णांकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. दुसरीकडून स्वस्तात आणलेलं टायर त्यांच्या गल्ल्यापुढं आपटलं. "असलंच हाय. आता तुमचा भाव खाली घ्या."

अण्णांनी टायर फिरवून कडेवरचे बारीक आकडे वाचले, नखानं रबर दाबलं. "पावणं, भावाचं दिवसभर भांडूया की. पण ह्याचं वय मला कमी करता येत न्हाय."

"कसलं वय? अजून रस्त्याला बी लागलं न्हाय हे."

"तिथंच लोक फसत्यात. टायर बसल्या जागी म्हातारं हुतंय."

त्या काळी कडेवर तारखेचे आकडे तीनच असत. दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. शेवटी आठ असला, तर अठ्ठ्याऐंशी की अठ्ठ्याण्णव, हे आकड्यावरून कळायचं नाही. दोन हजार साल लागलं आणि आकडे चार झाले. तरी वयानंतर अण्णांचा दुसरा प्रश्न ठरलेलाच, "कुठल्या मुलखातलं?" मी वैतागलो, की म्हणायचे, "सोयरीक करताना घराणं इचारतोस न्हवं? थंड मुलखासाठी केलेलं रबर आपल्या उन्हात टिकत न्हाय, बाबा."

त्यांचा धाकटा भाऊ आप्पा भागीदार होता. पुढं चार-पाच वर्षांनी त्यानं मुंबईहून परदेशी टायरांचा मोठा लॉट आणला. काळी कुळकुळीत टायरं, वर रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. अण्णांनी कडेवरचे तीनच आकडे वाचले आणि सगळी गोदामात टाकायला लावली. "परत पाठव. गिऱ्हाइकाला दावायची बी न्हाईत." आप्पा हो म्हणाला. अण्णांना वाटलं, गेली.

पुढच्या मे महिन्यात अण्णा लेकीकडे बेळगावला जाऊन आले, त्या दिवशी मी थांब्यावरच होतो. सदा माझ्याबरोबर क्लीनर झालेला, माझ्या भावासारखा. त्याची जीप गगनबावड्याचा घाट उतरायला भरून उभी होती. अण्णा पिशवी घेऊन येता येता तिच्या पुढच्या चाकाशी वाकले आणि ओरडले, "सदा, खाली उतर! आकडं तीनच हायत ह्यावर!"

सदा हसला. "अण्णा, कालच तुमच्या दुकानातनं घेतलंय की! आप्पांनी सोता दिलंय."

अण्णांनी जीपचं दार धरलं. "घाट उतरू नगंस. माझं ऐक." आतली माणसं खवळली. "निघताना असलं वंगाळ काय बोलतासा, म्हाताऱ्या!" सदाला थांबवायला मीही बॉनेटवर हात आपटला, पण सदानं गिअर टाकला.

दुपारी घाटात पुढचं टायर साल निघाल्यासारखं सोलून फुटलं. माणसं जखमी झाली. सदा गेला.

मयताला अण्णा आले, तेव्हा सदाच्या आईनं त्यांच्याकडे बोट केलं. "तुमच्या तोंडानं खाल्लं माझ्या लेकाला." सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. मी ताडकन उठलो. "ह्यांच्या तोंडानं न्हाय, ह्यांच्या..."

अण्णांनी माझं मनगट आवळलं. "गप. तुला माझी शपथ हाय. माझी आई अजून जिती हाय. एक पोरगं तुरुंगात गेलं तर ती ऱ्हायची न्हाय." आणि त्या माउलीपुढं हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं."

मी शपथ पाळली. पण भावाला वाचवायला त्यांनी सदाच्या मरणाचा दोष स्वतःच्या जिभेवर घेतला आणि माझ्या तोंडाला कुलूप घातलं, हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आप्पाशी तर बोलणंच तोडलं.

त्यानंतर अण्णांकडून कुणी टायर घेईना. संक्रांत झाल्यावर दुकान आप्पावर सोडून ते लेकीकडे कायमचे निघाले. स्टँडवर सोडायला मी एकटाच होतो. तिथं मी विचारलं, "त्या लॉटमधली बाकीची टायरं कुठं हायत?"

अण्णांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, "इकली त्यानं."

"कुणाला?"

"त्याला बी आठवंना. वडापवाल्यांनीच नेली बहुतेक."

"मग आता?"

"आता उन्हाळा येतोय," अण्णा म्हणाले, आणि बेळगावच्या गाडीत चढले.