मुकुंदराव ओके दाबतात

मुकुंदराव सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं काय असतं ते त्यांच्याकडे पाहून कळावं. कचेरीतला पहिला कॉम्प्युटर यांच्या टेबलावर आला आणि सदर भागातल्या कुठल्याशा क्लासात यांनी तो चालू-बंद करायला शिकून घेतलं. एवढ्या भांडवलावर माणूस जन्मभर जाणकार म्हणून मिरवला. लकडगंजच्या त्यांच्या गल्लीत कोणाचंही मशीन रुसलं की हे न बोलावता हजर. औषध एकच, फॉरमॅट. लोकांचे लग्नाचे फोटो उडाले, यांची ऐट काही उडाली नाही.

त्यांच्या सुनेला, वेदिकाला, त्यांचा मनापासून तिटकारा होता. तो ती रोजच्या चहाबरोबर गिळत असे. ती कॉम्प्युटरवर घरांच्या सजावटीची चित्रं करी. ती पडद्यावर भराभर फिरावीत म्हणून अनिशने, तिच्या नवऱ्याने, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने परीक्षा म्हणून तिला एक अख्खं घर रंगवायला दिलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचं आणि पसंत पडलं तर घरबसल्या नोकरी. कितीतरी दिवस राबून ते घर होत आलं होतं.

खांडेनवमीला मुकुंदरावांनी कॉम्प्युटरची पूजा मांडली. वायरी उपटून डबा पाटावर घेतला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मग सगळ्या वायरी स्वतःच्या हाताने जोडल्या. तेव्हापासून चित्र फिरवलं की अडखळू लागलं.

"ड्रायव्हर बिघडला," दसऱ्याच्या दुपारी त्यांनी निदान केलं. "कार्ड चालवणारा प्रोग्राम असते ना, तो. तू घाबरून काहून राहिली वं? मी आहो ना!"

त्यांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. इंग्रजीत दोन ओळी आल्या. वेदिका वाकेपर्यंत यांनी ओके दाबलं. पुन्हा टाकला, पुन्हा ओळी, पुन्हा ओके.

"बाबा, वाचू तर द्या!"

"ते वाचाचं नसते. ओके दाबाचं असते."

शेजारच्या शोभाताई सोनं द्यायला आल्या, म्हणून सासूबाईंनी वेदिकाला चहाला हाक मारली. चहा टाकून ती परत आली, तोवर फॉरमॅट होऊन गेलं होतं.

"फक्त सी ड्राइव्ह उडवली," मुकुंदराव उदारपणे म्हणाले. "डी ड्राइव्हले हात नाही लावला."

वेदिकाचं घर डेस्कटॉपवर होतं, म्हणजे सीमध्येच.

विंडोज पुन्हा चढवून आणि नवा ड्रायव्हर टाकून ते बाहेर शोभाताईंना पराक्रम सांगायला गेले. पडद्यावर त्याच दोन ओळी आल्या, आणि आता ओके दाबायला कोणी नव्हतं. तुमचा मॉनिटर या ग्राफिक्स कार्डाला जोडलेला नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. वेदिकाने डब्यामागची माळ बाजूला केली. कार्डाची खाच झेंडूखाली रिकामी होती आणि मॉनिटरची वायर वरच्या, मशीनच्या साध्या खाचेत खुपसलेली. तिने ती काढून कार्डात लावली. ओळी गेल्या.

मुकुंदराव शोभाताईंना घेऊन आत आले. "पाहा, फॉरमॅटशिवाय इलाज नव्हता! कसं झकास दिसून राहिलं!"

"दिसतंय ना, बाबा," वेदिका म्हणाली. "फक्त दाखवायला काही उरलं नाही."

"ते करशील तू परत," म्हणत मुकुंदराव शोभाताईंकडे वळले. "तुमच्या घरचा कॉम्प्युटर कसा चालून राहिला?"