पंखा दुरुस्त केला

कुरुंद्याचे सटवाजी आमच्या कार्यालयातले संगणक दुरुस्त करतात. परवा एका संगणकाच्या पडद्यावर, लिनक्स या संगणकप्रणालीत, पंख्याचा वेग शून्य आणि बारा व्होल्टच्या जागी आठ दिसू लागले. साहेबांनी तो भंगारात काढायचे ठरवले. सटवाजींनी खोका उघडून फिरता पंखा दाखवला, मीटर लावून बारा व्होल्ट दाखवले.

“साहेब, मशीन बराबर हाय. पडदा चुकीचं सांगून राहिला.”

“पडद्यावर शून्य आहे ना? मग शून्यच.”

सटवाजींनी पंख्याला हातही लावला नाही. मदरबोर्डवरच्या मोजमाप करणाऱ्या चिपचे आकडे नीट वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, घातला आणि व्होल्टचा आकडा ज्याने गुणून पडद्यावर येतो तो सेटिंगमधला गुणक बदलला. आकडे सुधारले आणि संगणक भंगारातून सुटला.

साहेबांनी शेरा लिहिला, ‘पंखा दुरुस्त केला.’ कार्यालयाचा कारकून म्हणून मी फाइल सहीसाठी सटवाजींपुढे केली.

“आता ह्या शेऱ्याला कोणता ड्रायव्हर घालू, बाबूजी?” म्हणत सटवाजींनी सही केली.