पाटचारीत पडून आवळलेले बोल्ट

पारोळ्याला अमळनेर रस्त्यावर चुडामण मिस्तरीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कडुनिंब आणि त्याच्या फांदीला लटकवलेली साखळीची कप्पी. वय एकसष्ट. फियाट आणि जीप सोडली तर बाकी गाड्यांना तो 'डबे' म्हणतो. गाडी आली की आधी हातानं दाबून बघतो, मग बोलतो, आणि एकदा बोलला की बोलला. तालुक्यात त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत लोक. तो स्वतःही देत नाही. सगळी पंचाईत तिथंच झाली.

उखर्डू आबांची फियाट पस्तीस वर्षं त्याच्याच हाताखालची. आबांचा मुलगा धर्मेंद्र धुळ्याला नोकरीला. गेल्या दिवाळीत त्यानं शहरातल्या कुठल्याशा गॅरेजात पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या, मागचे पाटे सरळ करून घेतले आणि गाडी चार बोटं खाली बसवली. फोटोत ती दबा धरलेल्या बोक्यासारखी दिसायची. आबा कुरकुरले, पण बसत होते. संक्रांतीनंतर मात्र गाडीचं पुढचं अंग लाकूड झालं. आबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. गतिरोधक आला की दणका थेट तिथं. त्यांनी स्टँडवरच्या हाटेलात चुडामणला विचारलं. त्यानं गाडीला हात न लावता, हातातला कप न ठेवता, दहा माणसांत सांगून टाकलं, की पोरानं स्प्रिंगा कापल्या, आता ती अशीच राहणार.

कापलेली स्प्रिंग काही परत वाढत नाही. त्या दिवसापासून आबा गाडीत बसले नाहीत आणि मुलाशी बोलले नाहीत. धर्मेंद्र रविवारी यायचा, जेवायचा. बापलेकातलं बोलणं मधे बसून धर्मेंद्रची आई भागाबाई इकडून तिकडे पोचवायची. दोन महिने तिनं हेच केलं.

शेवटी धर्मेंद्रनं एका शनिवारी गाडी कडुनिंबाखाली आणून लावली.

"नाना, काहीबी करा, पन आबा बठतीन असं करा."

चुडामणनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवून भार दिला. गाडी हललीच नाही. टायरात हवा जास्त होती, ती कमी केली, फरक चिमूटभर. मग वाटलं, गाडी खाली बसल्यामुळं चाक धरणारा आर्म वरच्या रबराच्या ठोकळ्यावर आपटत असेल. त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना ठोकळ्याला फासला आणि बाजारपेठेतून एक चक्कर मारली. चुना जसाच्या तसा. आर्म तिथवर पोचतच नव्हता. मग दोन्ही शॉक काढून ठेवले, पुन्हा बॉनेट दाबलं. तेवढंच कडक. म्हणजे शॉकचा दोष नाही, आणि कापलेल्या स्प्रिंगेचाही एवढा नाही.

उरले आर्मच्या सांध्यातले रबरी बुश. ते बघायला वाकला आणि तसाच खाली बसला. हे बुश त्यानंच बदलले होते. संक्रांतीच्या आठवड्यात.

बुश बसवायची एक रीत आहे. गाडी चाकांवर, आपल्या वजनावर उभी करायची आणि मगच बोल्ट शेवटचा आवळायचा. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळला, तर रबर त्याच अवस्थेत धरलं जातं. गाडी खाली टेकली की पिळा पडतो आणि ते आर्मला वर जाऊच देत नाही. ही रीत त्यानं आजवर कितीतरी जणांना दरडावून शिकवली होती. पण त्या आठवड्यात गुडघे इतके धरले होते, की खाली शिरवेना. गाडी टेकूवर असतानाच, बसल्या बसल्या, त्यानं बोल्ट आवळून टाकले होते.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. कुंदाबाई भाकरी मोडत म्हणाली, "मंग सांगा ना त्यास्ले. तोंडले कुलूप शे का?"

न सांगताही भागलं असतं. बोल्ट ढिले करायचे, पुन्हा आवळायचे, वर शाबासकी घ्यायची. कुणाला कळणार होतं? रात्रभर त्याला तेच बरं वाटत राहिलं.

पण गाडी इतकी खाली, की तिच्याखाली मांजर जाईना, आणि जॅक लावावा तर चाकं पुन्हा लोंबणार. गॅरेजातला खड्डा त्यानं कधीच बुजवलेला. म्हणून रविवारी सकाळी गाडी आबांच्या शेतावर नेली; आबा तिथंच होते. तिथल्या पाण्याच्या कोरड्या पाटचारीचे दोन्ही काठ सिमेंटचे. एका बाजूची चाकं या काठावर, दुसऱ्या बाजूची त्या काठावर. चाकांना दगड लावले आणि चुडामण पाटचारीत उताणा पडून गाडीखाली सरकला. पिळा नीट सुटायला रोजच्यासारखं माणसाचं वजन हवं होतं.

"आबा, गाडीमा बठा. तुमनं वजन जोयजे."

"मी बठाव नही. ज्यानी कापी, त्याले बसाड."

धर्मेंद्र बांधावर मान खाली घालून उभा होता. पाटचारीतून चुडामणला फक्त दोघांचे पाय दिसत होते. बापाचे जुने जोडे आणि मुलाचे पांढरे बूट, मधे पाच हात माती. तोंडं दिसत नव्हती, म्हणून असेल, पण त्याला बोलता आलं.

"आबा, चूक मनी शे. पोऱ्यानी नही. गाडी टांगेल व्हती तवय बोल्ट मी आवळात. हाटेलमा बोलनू तेबी न देखता बोलनू."

मग जुने जोडे हलले. दार उघडलं, गाडी एका अंगाला कलली.

चुडामणनं एकेक बोल्ट ढिला केला. चौथ्याला 'कट्ट' आवाज आला आणि अख्खं पुढचं अंग बोटभर खाली बसलं. आर्म आणि ठोकळ्यात तरीही दीड बोट जागा उरली. त्यानं धर्मेंद्रला गाडी दोनचारदा खालीवर झुलवायला लावली आणि मग दात आवळून सगळे बोल्ट कसले.

धर्मेंद्र स्टेअरिंगवर बसला. बांधाचा उंचवटा आला, गाडी दबली, उठली. आबांनी खुब्यावर ठेवलेला हात काढला नाही, पण कण्हलेही नाहीत. पुढं गेल्यावर म्हणाले, "आनखी खाली बसाडी का रे? आते माले खड्डामाच बठाड."

धर्मेंद्रला हसावं की नाही कळेना. "सोनगीरपर्यंत जायचं का, आबा?"

"डिझेल शे का?"

"पेट्रोल, आबा."

"तेच ते. चाल."

चुडामणला पाटचारीतून काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. तो काठाला धरून आपला आपण उठला, पाठीची माती झटकली आणि स्टँडवरच्या हाटेलाकडे निघाला. रविवार होता, ती दहाची दहा माणसं तिथंच सापडणार होती.