मागे वळलो आणि पुढच्या गावात पोचलो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी न मानणाऱ्यांपैकी आहे. नुसती न मानणारी नाही, तर चारचौघांत टिंगल करणारी. गेली सत्तावीस वर्षं मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत राहते आणि कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. या देशात प्रत्येक किल्ल्याला भूत म्हणून एक राखाडी झग्यातली बाई नेमलेली असते. ती ठरावीक जिन्यावर दिसते आणि बाहेर पडताना गिफ्ट शॉपमध्ये तिचा मगही मिळतो. आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कोणी असला किस्सा सुरू केला की मी हमखास विचारते, "ती बाई टॉयलेटच्या रांगेत कधीच कशी दिसत नाही हो?" त्यामुळे वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण झालं ते झालं, आणि मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझा नवरा श्रीकांत पाच दिवसांच्या वॉकिंग हॉलिडेसाठी फ्रान्सला गेलो होतो. लुआर नदीच्या खोऱ्यातला सपाट शेतीचा भाग. चढ नाही, उतार नाही. श्रीच्या गुडघ्यांनी ही एकच अट घातली होती. अशा ट्रिपची पद्धत अशी, की इकडची कंपनी हॉटेलं बुक करते, रोज सकाळी व्हॅन तुमच्या बॅगा पुढच्या गावात नेते आणि तुम्ही हातात रूट नोट्सची पुस्तिका घेऊन शेतांमधून चालत जायचं. 'दगडी क्रॉसपाशी डावीकडे. पाण्याच्या टाकीपाशी सरळ.' श्री इंजिनियर आहे, छापलेल्या सूचनांवर त्याची अपार श्रद्धा. घरात देव माझेच आहेत आणि तेही माळ्यावर, पण रूट नोट्स त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशीचा टप्पा सतरा किलोमीटरचा होता. मध्ये एकही गाव नाही. पुस्तिकेत हा त्या टप्प्याचा मोठेपणा म्हणून सांगितला होता. दोन्ही बाजूंना मका, वाळलेली सूर्यफुलं आणि कापलेल्या गव्हाचे खुंट, आणि डावीकडे लांबवर एक शातो, म्हणजे तिथला जुना राजवाडा. आदल्या दिवशीच आम्ही तो आतून पाहिला होता. गाईडने अभिमानाने सांगितलं होतं, की ज्या राजाने तो बांधला तो तिथे फारसा राहिलाच नाही, शिकारीला यायचा आणि कंटाळून जायचा. एवढी धुरांडी, एवढे जिने आणि मालकाचा पत्ता नाही! पण सपाट मुलखात अशा इमारतीचं एक विचित्रपण जाणवतं. तुम्ही तासभर चाललात तरी ती तिथेच, तेवढीच असते. आपण चालतोय की नुसते पाय हलवतोय, तेच कळत नाही.

माझं लक्ष मात्र शातोवर नव्हतं, फोनवर होतं. आदल्या दिवशी माझ्या बाबांना नागपुरात हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं. पोटात दुखत होतं, तपासण्या चालू होत्या. माझा धाकटा भाऊ मंदार म्हणाला होता, "काही नाही ताई, गॅसेस असतील. तू फीर आरामात." बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर आणि अक्कल दोन्हींवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

फोनला सकाळपासून रेंज नव्हती. आठ किलोमीटर झाल्यावर पाण्याची टाकी आली. सिमेंटचं एक भलंमोठं अळंबं शेतात एकटंच उभं होतं. त्याखाली मी श्रीचा फोटो काढला. बारा वाजून अकरा मिनिटं, ही वेळ फोटोवर आहे. आणि तेवढ्यात रेंजची एक काडी उगवली आणि मंदारचा व्हॉइस मेसेज आला. आवाज घाबरलेला.

"ताई, कुठं आहेस? गॅस-बिस नाही. बाबांची पोटातली मोठी नस फुगली आहे, कधीही फुटू शकते म्हणतात. मुंबईचे एक सर्जन आज इथं आलेत, ते करायला तयार आहेत. पण साडेचारच्या आत हो म्हणा म्हणतात, नाहीतर ते संध्याकाळच्या फ्लाइटने चालले, मग पुढच्या आठवड्यात. आणि बाबा सही करूनच नाही राहिले. म्हणतात, पोरीशी बोलल्याशिवाय पेनाला हात लावणार नाही. ताई, फोन कर. पटकन कर."

नागपूरचे साडेचार म्हणजे तिथला दुपारचा एक. मी फोन लावला. रेंज गेली होती. टाकीला प्रदक्षिणा घातली, फोन डोक्यावर धरला, श्रीच्या खांद्याला धरून टाकीच्या कट्ट्यावर चढले. काही नाही. श्रीच्या फोनलाही नाही. लांब शेतात एक ट्रॅक्टर दिसत होता, त्याला दोघांनी हात केले. तो आपल्या धुळीत निघून गेला.

"मागे आठ, पुढे नऊ," श्री पुस्तिका बघून म्हणाला. "मागेच जाऊ. रस्ता माहितीचा आहे."

"आठ किलोमीटर चाळीस मिनिटांत? तू?"

"मी नाही. तू पळ, मी येतो मागून."

"मी शाळेत असल्यापासून पळालेली नाहीये, श्री."

"मग चाल. उभी राहून काय होणारे? मध्ये कुठेतरी रेंज लागेल."

आम्ही मागे वळलो. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण पुढे सगळे मला हेच विचारतात. आम्ही मागे वळलो. येताना शातो डावीकडे होता, तो आता उजवीकडे आला. श्री त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "उजवीकडे. बरोबर." घाबरलेल्या माणसाला दिशा कळत नाहीत, म्हणून त्याने मुद्दाम खात्री केली होती.

मग चाललो. टाकी सोडली तेव्हा बारा अठरा झाले होते. खरं सांगते, त्या चालण्यात अद्भुत असं काहीही घडलं नाही. धुकं नाही, कुजबुज नाही, अंगावर काटा नाही. स्वच्छ ऊन होतं. मी फोनकडे बघत होते, श्री माझ्या पुढे दोन पावलं होता. मी मनात बाबांशी भांडत होते. या वयात कसला हट्ट? मंदार तिथे उभा आहे, सून आहे, आणि यांना मीच हवी! थोड्या वेळाने मक्याचं शेत संपलं. सकाळी आम्ही जिथे बसून थालीपीठ खाल्लं होतं तो दगडी क्रॉस आता यायला हवा होता. तो आला नाही. पायाखाली डांबरी रस्ता आला, मग एक बेकरी, मग चौक आणि काळपट छपराचं बुटकं चर्च.

"हे चर्च सकाळी कुठे होतं?" मी विचारलं.

श्री चौकाच्या पलीकडच्या पाटीकडे बघत होता. त्या पाटीवर हॉटेलचं नाव होतं. आम्ही सकाळी सोडलेल्या हॉटेलचं नव्हे, त्या रात्री जिथे मुक्काम होता त्याचं. पुढच्या गावाचं, म्हणजे टाकीपासून नऊ किलोमीटरवरचं.

घड्याळात बारा एक्केचाळीस झाले होते.

मालकीणबाई काउंटरवर ग्लास पुसत होत्या. आमचं नाव ऐकून त्यांनी वही पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. "कॉव्हेंट्री? बट युअर बॅग्ज आर नॉट कम!" मग दाराबाहेर डोकावून, "यू केम बाय कार?"

"वायफाय," मी म्हटलं. दुसरा शब्दच सुचला नाही. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलेला पासवर्ड दाखवला.

पहिल्या रिंगला मंदारने उचलला आणि फोन बाबांकडे दिला.

"कुठं फिरून राहिली तू?" बाबांचा आवाज नेहमीसारखाच, खडूस. "हा मंदार म्हणे, शेतात चालून राहिली. धाप नाही लागली तुला?"

नव्हती लागली. हे मला त्यांनी विचारल्यावर कळलं. घामसुद्धा नव्हता.

"बाबा, सही का करत नाही आहात?"

"करतो ना. पण आधी तू सांग. या मंदारला डॉक्टरने घाबरवलं की तो घाबरतो. ती सूनबाई रडून राहिली. तू वाचते-बिचते, तुझं डोकं थंड आहे. करू की नको? तू नको म्हटलंस तर मी उठून घरी जातो."

"सर्जनशी बोलू दे मला."

सर्जन दोन मिनिटं बोलले. न करण्यात धोका आहे, या वयात करण्यातही धोका आहे, त्यांच्या मते करावं. त्यांनी काही लपवलं नाही. मग परत बाबा.

"हं?"

"करून घ्या, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

"ठीक. मग ठेव आता. पेन कुठं आहे बे, मंदार?"

एकूण चार मिनिटांचा कॉल. नागपुरात सव्वाचार वाजून गेले होते.

बॅगा पावणेतीनला आल्या. ड्रायव्हर आम्हाला ओळखत होता. आम्हाला दारातल्या खुर्च्यांवर बघून तो चमकला आणि मालकीणबाईंशी फ्रेंचमध्ये बराच वेळ बोलला. त्यांनी खांदे उडवले. श्री त्या वेळात तिसऱ्यांदा पुस्तिका वाचत होता.

त्याच्या मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ असतं. त्याच्या नकाशावर आमच्या त्या दिवसाची रेघ अशी आहे: पहिल्या गावापासून टाकीपर्यंत आठ किलोमीटर, तिथून मागे वळून दोन किलोमीटरांच्या आसपास, आणि तिथे रेघ संपते. मग एकदम पुढच्या गावातल्या हॉटेलवर एक ठिपका. मध्ये काही नाही. त्याने ते ऑफिसमध्ये एकाला दाखवलं. तो म्हणाला, "जीपीएस ग्लिच, मेट." असेल. घड्याळाचा ग्लिच मान्य करायला मी एका पायावर तयार आहे. पण आम्ही दोघं घड्याळात बसून गेलो नव्हतो.

बाकीचे खुलासे आम्हीच काढले आणि आम्हीच खोडले. गोंधळून आम्ही पुढेच चालत राहिलो असू? मग शातो उजवीकडे कसा? आणि समजा पुढेच गेलो, तरी नऊ किलोमीटर तेवीस मिनिटांत? श्रीच्या गुडघ्यांना घेऊन? कोणाच्या गाडीत बसलो आणि विसरलो? दोघंही विसरलो? पुस्तिकेतलं अंतर चुकलंय? श्रीने ते नकाशावर इतक्यांदा मोजलंय की आता मीच त्याला सांगते, झोप. तो हल्ली हा विषय काढत नाही. कधीकधी भांडी लावताना मध्येच म्हणतो, "उजवीकडेच होता ना गं?" मी हो म्हणते.

आता जे लिहायचं नव्हतं ते. ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आले नाहीत. मी पॅरिसहून मिळेल त्या विमानाने निघाले आणि दुसऱ्या रात्री नागपूरला पोचले. तिसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूमध्ये ते गेले.

परत आल्यावर मंडळातल्या एका काकू भेटायला आल्या. मी त्यांना हे सगळं सांगून बसले, कसं कोण जाणे. काकूंनी माझा हात धरला. "अगं, शेवटचं बोलणं व्हावं म्हणून त्यानंच तुला उचलून नेलं. केवढी भाग्यवान तू!" एरवी मी काहीतरी तिरकस बोलले असते. त्या दिवशी मान हलवली आणि चहा टाकायला उठले.

कारण काकूंना वाटलं मी नुसती बोलले. मी बोलले नाही, मी निर्णय दिला. आम्ही माणसांसारखे चाललो असतो तर दोन वाजता कुठेतरी पोचलो असतो. सर्जन निघून गेले असते. बाबांनी सही केली नसती. मग काय झालं असतं? मंदार म्हणतो, "ताई, त्याच रात्री फुटली असती, तू मनाला लावून घेऊ नको." त्या सर्जनना मी फोन करून विचारलं, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, सांगता येत नाही. आठवडा काढला असता, वर्षही काढलं असतं. काही लोक काढतात.

म्हणून, वाचकांपैकी कोणी हे वाचून मला 'दैवी मदत' असं लिहून पाठवणार असेल, तर त्यांचा राग नाही, पण माझा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. रस्ता कसा आखूड झाला हे मी अजूनही सांगू शकत नाही, आणि आता त्याची तितकी ओढही राहिलेली नाही. तो कशासाठी आखूड झाला, हे मात्र विचारायचं आहे. बाबांचा आवाज मला ऐकता यावा म्हणून, की माझं 'नक्की' त्यांच्यापर्यंत वेळेत पोचावं म्हणून? आणि हे विचारायचं कोणाला? मी तर कोणाला मानतच नाही.