तारखेच्या माणसांची खोली

अंबडच्या कोर्टात तारीख असली की घनसावंगीकडची माणसं आदल्या संध्याकाळीच येत. सकाळच्या एस.टी.चा भरवसा नव्हता. गाडी वाटेत बसली की इकडं पुकारा होऊन जायचा. मग स्टँडवर नाहीतर कुणाच्या ओट्यावर ती माणसं रात्र काढत. देवीच्या आरतीहून परतताना झुंबरबाईंना ती दिसायची. कशासाठी भांडत असतील ही, घरी कुणाला ठेवून आली असतील, असं मनात यायचं. मुली सासरी, मुलगा औरंगाबादला शिकायला. घरातली पुढची खोली रिकामीच होती. एका मंगळवारी त्यांनी नवऱ्याला विचारलंच, "अहो, ती खोली तारखेच्या माणसांना एक-एक रात्र भाड्यानं दिली तर?"

भुजंगराव कोर्टाच्या फाटकापाशी बसून लोकांचे अर्ज लिहीत. वादी असो की प्रतिवादी, दोघांचेही तेच लिहीत, आणि या कानाचं त्या कानाला जात नाही म्हणूनच माणसं त्यांच्यापाशी येत.

"दे की," ते म्हणाले. "पण एका बाजूचा माणूस आपल्या घरी उतरला आन् दुसरी बाजू म्हणाली भुजंगराव फुटला, तर माझी बैठक उठली समज. तसा शब्द कानावर आला की खोलीला कुलूप."

"बिलकुल येणार न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. कसा येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या गिरिजाबाई नवरात्रात यात्रेकरूंना जागा द्यायच्या. झुंबरबाई त्यांच्याकडं जाऊन बसल्या.

"भाडं उंबऱ्यातच सांग," गिरिजाबाई म्हणाल्या. "जेवल्यावर मागितलंस तर माणूस म्हणतो, बाईनं ताटाचे पैसे घेतले. पाणी कुठं, संडास कुठं ते उजेड हाये तोवर दाखव. कंदिलाची काच पूस. आपल्या ट्रंका तिथून काढ, न्हाईतर काही सापडंना झालं की उगं पाव्हण्यावर संशय. आन् नाव, गाव, दावा कशाचा, सगळं आधी विचार."

"पाणी द्यायच्या आधी?"

"आधीच."

बाकी सगळं झुंबरबाईंनी केलं, पण हे काही गळी उतरेना. त्यांचं माहेर शहागडचं. दारी आलेला माणूस गूळ-पाणी घेऊन टेकल्याशिवाय त्याला नाव-गाव विचारायचं नाही, ही तिथली घरची रीत. वैरी असला तरी आधी घोटभर पिऊ द्यावं, मग ओळख.

पहिला आला तो एक उंच, पिळदार मिशांचा शेतकरी. भाडं उंबऱ्यात ठरलं, गूळ-पाणी झालं, खोलीत वळकटी पडली. मग झुंबरबाईंनी विचारलं. नाव अप्पाराव. दावा?

"विहिरीच्या पाण्याची पाळी. चुलतभाऊ ऐकंना."

नंतरच्या गाडीनं आणखी एक जण आला. ठेंगणा, हसऱ्या तोंडाचा. खोली गेली होती, पडवी अर्ध्या भाड्यात घेतो म्हणाला. गुळाचा खडा चघळत त्यानं नाव सांगितलं, संपत. गाव अप्पारावांचंच.

"आन् दावा?" झुंबरबाईंनी भीतभीत विचारलं.

"विहिरीच्या पाण्याची पाळी. चुलतभाऊ ऐकंना."

झुंबरबाईंनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. पण पाणी पिऊन टेकलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं?

पानं मांडली तेव्हा व्हायचं तेच झालं. अप्पारावांनी संपतला पाहिलं आणि भरल्या ताटाकडं पाठ फिरवली. "हा इथं काय करून राह्यलाय? मी चाललो स्टँडवर."

"जा की! खोली मला मिळंल," संपत म्हणाला.

झुंबरबाईंच्या ध्यानात आलं, दोघांतला कुणीही एक उठून गेला तरी सकाळी कोर्टात बोभाटा होणार. त्या आत गेल्या, धुतलेलं लुगडं आणलं आणि दोन पानांच्या मधोमध खांबाला ताणून बांधलं. "आता कुणाला कुणाचं तोंड दिसत न्हाई. वाढल्या पानावरून माझ्या घरात कुणी उठायचं न्हाई. बसा!"

तेवढ्यात भुजंगराव आले. लुगड्याच्या अल्याडपल्याड दोन मिशाळ बाप्ये बघून दारातच थबकले. "अगं, अंतरपाट धरलायस. मंगलाष्टकं म्हणू का?"

संपत खो खो हसला. अप्पाराव हसले नाहीत, पण बसले.

पिठलं-भाकरी अर्धी झाली तेव्हा लुगड्यापलीकडून आवाज आला, "वहिनी, अप्पाला ठेचा कमी वाढा. लहानपणापासनं सोसत न्हाई त्याला."

"तुला कुणी विचारलं रे?" अलीकडून उत्तर गेलं.

"लहानपणी एकत्र जेवायचात?" झुंबरबाईंना राहवलं नाही.

"एकाच ताटात," दोघं एकदमच म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले.

सकाळी दोघांना सारखंच ऊन पाणी दिलं. एक पुढं गेला, एक मागनं. झुंबरबाईंचा दिवस काही सरेना. संध्याकाळी नवऱ्यानं टोपी काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "कुणी काही म्हणलं?"

"म्हणलं तर! फाटकापाशीच एक जण ओरडला, अप्पाराव तुमच्याकडं उतरले म्हणं, आता अर्जबी त्यांचाच गोड लिहिणार."

झुंबरबाईंनी तिथंच बसकण मारली.

"मी काही बोलायच्या आत संपत पुढं आला. म्हणाला, मंग मी कुठं निजलो होतो? त्याच घरी, पडवीत. दोघांस्नी एकाच तव्यावरची भाकर. कमीजास्त झालं असतं तर मीच बोंबललो असतो! तो माणूस मागच्या मागं सटकला. त्यानंतर दुसऱ्या एका दाव्यातले दोन्हीकडचे दोघं माझ्यापाशी अर्ज लिहून घ्यायला बसले."

"मंग कुलूप?"

"कुलूप कशाला? फक्त एक कर. एका बाजूचा माणूस आला की म्हणावं, तुमचा विरोधी कुठं उतरलाय, त्यालाबी घेऊन या."

झुंबरबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण पाळी खरी कुणाची?"

"ते मी सांगत न्हाई. त्यांना पुढची तारीख पडलीय. येतील तेव्हा तूच विचार."

दुसऱ्याच दिवशी झुंबरबाईंनी बुरूड बोलावला आणि पडवीला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा करून घेतला. एका खोलीनं आता भागणार नव्हतं.