मुलगे नसलेलं कॉलेज

लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या पेझारकरांच्या घरात बाथरूम एक आणि मुलगे तीन, त्यामुळे हदासाला सकाळी केस विंचरायला स्वयंपाकघरातल्या केटलमध्ये तोंड बघावं लागे. केटल पोटाची गोल, तेव्हा नाक जरा फुगलेलं दिसायचं. जेवणाच्या टेबलावर तर आणखी गंमत. हदासाने ‘आज शाळेत...’ म्हणायचा अवकाश, की थोरला फुटबॉलवर यायचा, मधला थोरल्यावर आणि धाकटा दोघांच्या बशीतल्या कटलेटवर. सतरा वर्षांत या घरात आपलं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलेलं नाही, असं तिचं ठाम मत होतं.

पेझारकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. हदासाचे वडील राफाएल भायखळ्याहून इंग्लंडला आले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फिटर झाले आणि वर्षभरात बायको-मुलांना बोलावून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी हदासाची आई लिलीबाई शब्बाथचे, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या. पोरं मराठीत भांडायची आणि इंग्रजीत सॉरी म्हणायची.

१९६७च्या हिवाळ्यात हदासाला जिऑलॉजीसाठी दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. एक जुन्या विद्यापीठाच्या गावातलं फक्त मुलींचं कॉलेज, दुसरं उत्तरेकडचं नवंकोरं विद्यापीठ, मुला-मुलींचं एकत्र.

“दगड शिकायला इंग्लंड कशाला?” राफाएल म्हणाले. “कोकणात काय कमी पडले होते?” पण मनातून ते फुशारले होते. लगेच त्यांनी निकालही देऊन टाकला: मुलींचं कॉलेज. मुलगी सुरक्षित, बापाला झोप.

लिलीबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. “अहो, लंडनमध्ये आपली घरं ती किती? त्यात लग्नाची मुलं किती? मुलींच्या कॉलेजात नवरा काय भिंतीतून निघणार आहे? त्या दुसऱ्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांची सोसायटी आहे. त्यांच्या पुस्तकात छापलंय.”

दोघांनी मग वरच्या कोर्टात धाव घेतली. दिवाणखान्यात रथात बसून स्वर्गाला निघालेल्या, नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबींची, म्हणजे प्रेषित एलियाहूंची तसबीर होती. लिलीबाई सकाळी तिच्यापुढे उभ्या राहून पुटपुटल्या, “पोरीला मुला-मुलींच्या विद्यापीठात जाऊ दे, गोड पोह्यांचा मलिदा करीन.” संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याच जागी राफाएल उभे राहिले. “मुलींच्या कॉलेजात जाऊ दे, मलिदा करीन.” हदासाने जिन्यात बसून दोन्ही नवस ऐकले आणि तिला नबींचीच काळजी वाटली.

तिला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. आजकालची पोर, तिला मुलंमुली एकत्र असलेलंच हवं असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खरं म्हणजे तिनेसुद्धा.

आधी ती उत्तरेला गेली. सगळीकडे काच, उजेड, गिटार घेतलेली मुलं. प्रयोगशाळेत उमेदवारांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीपुढे एक दगड, एक हातोडी ठेवली. हदासाच्या जोडीला कॉलिन नावाचा लालबुंद गालांचा मुलगा होता. तिने हातोडी उचलली, तोच कॉलिनने “अलाऊ मी” म्हणत ती अदबीने काढून घेतली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. “तुझं हस्ताक्षर छान असेल!” त्याने दगड फोडला, हदासाने लिहिलं. शाळेतही हेच. फिजिक्सच्या तासाला वायरी मुलं जोडायची, आकडे ती टिपायची. जेवणाच्या सुट्टीत कॉलिनने तिला आपलं हॅम सँडविच देऊ केलं. डुकराचं मांस वर्ज्य, म्हणून तिने नको म्हटलं, तर त्याला वाटलं, ही लाजतेय. त्याने दुसरंही पुढे केलं.

पुढच्या आठवड्यात मुलींचं कॉलेज. लांबलचक गार कॉरिडॉर, उकडलेल्या कोबीचा वास, भिंतीवर चष्मेवाल्या बायकांची चित्रं. ‘इथे तीन वर्षं?’ हदासाच्या मनात आलं. मुलाखत घेणाऱ्या मिस थॉर्नली साठीच्या, ट्वीडच्या स्कर्टखाली गमबूट घातलेल्या. त्यांनी चहा ओतला, टेबलावर एक काळा दगड आदळला आणि हदासाच्या हातात हातोडी दिली.

“फोड.”

हदासाने सवयीने इकडे-तिकडे पाहिलं. हातोडी द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. तिने डोळे मिटून घाव घातला. दगडाची ढलपी उडाली ती थेट मिस थॉर्नलींच्या कपात. बाईंनी ती चमच्याने काढली, रुमालाने पुसली आणि विचारलं, “बोल, काय दिसतंय?”

हदासा बोलायला लागली. दाण्यांचा आकार, रंग, मधली पांढरी शीर. सवयीने दर चार शब्दांनी ती थांबत होती, कुणी मध्ये तोंड घालेल म्हणून. कुणी घालेना. मिस थॉर्नली नुसत्या म्हणायच्या, “पुढे?” शेवटी वाक्य संपलं. पुरतं संपलं. हदासा इतकी दचकली, की तिने लगेच दुसरं सुरू केलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा राफाएल भाषण तयार करून बसले होते. “हदासा, बापाचं मन तुला आज कळणार नाही...”

“पप्पा, मला मुलींच्याच कॉलेजात जायचंय.”

राफाएलांचं भाषण वाया गेलं. मग त्यांनी डोळे बारीक केले. “का? तिथे कोण भेटलं?”

“मिस थॉर्नली.”

थोरला फिसकन हसला, मधला काहीतरी बोलायला लागला. राफाएलांनी टेबलावर थाप मारली. “गप्प बसा! तिला बोलू द्या!”

हदासाने सगळं सांगितलं. लिलीबाईंचा चेहरा पडला होता. “अगं, त्या कॉलिनने हातोडी घेतली ती काय वाईट मनाने?”

“नाही आई, चांगल्या मनानेच. म्हणून तर परत मागता आली नाही.”

लिलीबाईंनी टेबलावरच्या बशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, “जा. पण तिथेही ज्यू सोसायटी असेल, बघून ठेव.”

कॉलेजचं प्रवेशाचं पत्र आलं आणि मलिदा दोन झाले. एक राफाएलांचा, नवस फळला म्हणून. दुसरा लिलीबाईंचा. “नबींनी ऐकलं नाही म्हणून काय झालं, ऐकून तर घेतलं ना!” पोरांना गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे दोनदा मिळाले, त्यांची काही तक्रार नव्हती.

कॉलेज म्हणजे काही स्वर्ग नव्हता. शेजारच्या खोलीतली व्हेरॉनिका तिन्ही भावांना पुरून उरेल इतकी बोलायची. तिला मध्येच तोडायला हदासाला एक टर्म लागली. पहिल्याच वर्षी एका रविवारी राफाएल न कळवता भेटायला गेले, तर हिरवळीवर जिकडे-तिकडे मुलगेच. सायकली, स्कार्फ, मोठमोठ्याने हसणं. ते तडक दारावरच्या पोर्टरकडे गेले.

“हे मुलींचंच कॉलेज ना?”

“हो सर,” पोर्टर म्हणाला, “म्हणूनच तर!”

राफाएलांनी हे घरी सांगितलं तेव्हा लिलीबाईंनी त्यांना गरमागरम घारगे करून घातले.

डिग्रीनंतर हदासा वेल्समध्ये पाण्यासाठी बोअर घेणाऱ्यांत कामाला लागली. १९७६च्या उन्हाळ्यात सारं इंग्लंड-वेल्स होरपळलं, नळ बंद पडायला लागले. एका टेकडीच्या पायथ्याशी हदासाने जागा दाखवली. मशीनवाल्यांनी नकारार्थी माना हलवल्या, पण खणलं. नेमक्या त्याच दिवशी लिलीबाई लेकीला भेटायला आल्या होत्या. नऊवारी नाही, पण पाचवारी नेसून, डोक्यावर छत्री धरून त्या थेट मशीनजवळ उभ्या राहिल्या आणि एकेकाला नाव, गाव, लग्न झालंय का विचारू लागल्या. बेंजामिन नावाचा उंच सर्व्हेअर कार्डिफच्या ज्यू घरातला निघाला.

“आई, प्लीज!” हदासा लांबूनच ओरडली.

तेवढ्यात बोअरमधून आधी चिखल, मग गढूळ पाणी उसळलं. लिलीबाई डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या, छत्री उडून कुंपणात अडकली. मशीनवाले टाळ्या वाजवत होते. बेंजामिन धावत आला, त्याने आपला कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.

“पाणी लागलं गं!” लिलीबाई मराठीत ओरडल्या. मग कोटाच्या बाह्या ओढून घेत हळूच म्हणाल्या, “आणि मुलगाही बरा आहे.”

हदासाने मान फिरवली, पण हसू काही लपलं नाही.