डस्टर पहिल्या बाकावर

चार फिजिक्सवाले एका छताखाली नोकरीला लागले की किस्से आपोआप साठत जातात. जग कसं चालतं ते आपल्यालाच कळलंय असा आमचा समज असतो आणि जग रोज सकाळी कँटीनपासूनच तो मोडायला घेतं. त्यात आमच्या डिपार्टमेंटला परब सर होते! आज हे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसतो. पण घडत होते तेव्हा फारसं कुणाला हसू येत नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

*

परब सर पेडण्याचे. लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेले, गोवा मुक्त झाल्यावर मराठीत आणि मग इंग्रजीत आलेले. शिकवायचे स्टॅटिस्टिकल फिजिक्स, म्हणजे एकाचं नाही, हजारोंच्या सरासरीचं गणित. राग आला की ओठातल्या ओठात पोर्तुगीज आकडे मोजायचे, "उं, दोयश, त्रेश..." दहाच्या आत थांबले तर समोरचा वाचला!

त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. डस्टर शिक्षकाकडे नसायचं, विद्यार्थ्यांच्या पहिल्या बाकावर असायचं. फळ्यावर चूक दिसली की ज्याला दिसली त्याने उठायचं आणि ती पुसून टाकायची. शिक्षक कोणीही असो.

मी नवा लागलो तेव्हा मेकॅनिक्स शिकवायला मला तोच वर्ग मिळाला. पहिल्या तासाला माझी नजर फळ्यावर कमी आणि त्या डस्टरवर जास्त! कोणी नुसतं पेन उचललं तरी मी फळ्यावरची ओळ पुन्हा तपासायचो.

*

डिचोलीचा उल्हास त्या वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा. वडील मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा सरांच्या तासाला तो उठला आणि फळ्यावरची अख्खी ओळ पुसून मोकळा झाला.

ओळ बरोबर होती! वर्ग गार पडला. सरांचे ओठ हलू लागले.

"पुसलंस मा? आता बरोबर काय ता लिही," म्हणत सरांनी खडू त्याच्या हातात दिला.

तास संपला, पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली, उल्हास आपला खडू धरून फळ्यापुढे. शेवटी त्याने पुसलेली तीच ओळ जशीच्या तशी परत लिहिली.

"सर, माझा चुकला. पण आता पटली!"

सरांनी खडू परत घेतला. "मग पुसलंस ता बराच केलंस," म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून कायद्यात भर पडली. पुसणाऱ्याने पुढचं लिहायचं.

*

वैजयंती कोरगावची, सरांचीच विद्यार्थिनी. आमच्यात आली ती थिऑरेटिकल बायोफिजिक्स शिकवायला. नोकरी कंत्राटी आणि त्या एका विषयापुरती. विषय बंद झाला की तिने घरी जायचं, इतकं सरळ!

एकदा तिने घरून काकवीची बाटली आणली. "आपल्याला पाणी पातळ वाटतं," ती वर्गाला म्हणाली, "पण बॅक्टेरिया इतका लहान की त्याला तेच पाणी या काकवीएवढं घट्ट. त्याने शेपटी हलवायची थांबवली की तो जागच्या जागी थांबतो. पुढे सरकत नाही." काकवीत मणी सोडून दाखवला. मुलं खूश. बाटली मात्र सैल झाकणानिशी सरांच्या टेबलावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सर गरजले, "वैजयंती! मुंगी रँडम वॉक करता, खंयय भटकता, असा तूच शिकवतंस मगो? माझ्या टेबलावर मुंग्यो सरळ रेषेत इल्यो!"

"सर, वास नसता तर भटकल्या असत्या."

"म्हणजे थिअरी बरोबर?"

"थिअरी बरोबर, सर. झाकण चुकलं!"

*

मग एके दिवशी कळलं, बायोफिजिक्स बंद करायचा विचार चाललाय. त्यावर बैठक बोलावली गेली. त्या सकाळी परब सर आणि वैजयंती पेडण्याच्या स्टँडवर उभे, आणि बसचा पत्ता नाही! आपल्यामागे बैठक उरकली तर संपलंच, म्हणून वैजयंतीचा चेहरा पांढराफटक. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीने सरांना विचारलं, "बस केन्ना येतली रे?"

सर गंभीरपणे म्हणाले, "एका बशीचा काय सांगूक येणा ना, मावशी. हजार बशी आसत्यो तर सरासरी सांगली आसती."

"हजार बशी आसत्यो तर तुका विचारूक कोण येतला!"

इतक्या ताणातही वैजयंती खुदकन हसली. बैठकीला दोघं धापा टाकत पोचले. ठरलं ते एवढंच, की बाहेरून एक तज्ज्ञ येतील, वैजयंतीचा तास बघतील आणि ते म्हणतील ते शेवटचं.

*

तज्ज्ञ आले. मेकॅनिक्समधलं बडं नाव. डस्टर बाकावर का, असं त्यांनी विचारलं. सरांनी कायदा सांगितला. "वा, छान!" म्हणत ते हसले आणि मागच्या रांगेत माझ्या नि सरांच्या मध्ये बसले.

तास रंगात आला होता. एवढ्यात तज्ज्ञ उठले. "मॅडम, इतकं अवघड कशाला करता? मी दाखवतो." त्यांनी खडू घेतला. "फेरीबोटीचं इंजिन बंद केलं तरी बोट धक्क्यापर्यंत सरकत येते ना? तसाच तुमचा बॅक्टेरिया." आणि फळ्यावर एक ओळ लिहून त्यांनी बॅक्टेरियाला लांबच्या लांब सरकवत नेलं.

काकवी सगळ्या वर्गाने पाहिलेली! पण एक मूल हलेना. पहिल्या बाकावर उल्हास. त्याचा हात डस्टरवर गेला, त्याने वैजयंतीकडे पाहिलं आणि हात बाकाखाली घेतला. मला त्या क्षणी हायसं वाटलं, खरं सांगतो. पुसू नको रे बाबा, तिची नोकरी जाईल! शेजारी सरांचे ओठ हलत होते.

"उल्हास, दिसलं ना तुला?" वैजयंतीने विचारलं.

"दिसला, मॅडम."

"मग?"

"नको, मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला.

ती पहिल्या बाकापाशी गेली. डस्टर उचललं. तज्ज्ञांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली आणि त्या जागी आपली लिहायला लागली. तिने खडू इतका दाबला की तो मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने ओळ पुरी केली: शेपटी थांबली की बॅक्टेरिया जागीच थांबला. सर दहाच्या केव्हाच पुढे गेले होते.

तज्ज्ञांनी ती ओळ बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. मग वळले, पहिल्या बाकाशी आले आणि उल्हासला म्हणाले, "जरा सरक."

उल्हास सरकला. ते त्याच्या शेजारी बसले, वैजयंतीपुढे हात केला, डस्टर घेतलं आणि आपल्यासमोर ठेवलं.

"हं, मॅडम. पुढे चालू द्या."